परक्या मैदानांचे प्रेक्षक

इंग्लंडात फुटबॉलच्या क्लबाशी माणसाचे जे नाते जुळते ते बहुधा त्याने स्वतः निवडलेले नसते. ज्या मैदानावर बाप जात असे त्याच मैदानावर मुलगा जाऊ लागतो, घरातल्या गळपट्ट्याचा रंग तोच त्याचा रंग ठरतो, आणि पुढे गाव सुटले, धंदा बदलला, संघ वर्षानुवर्षे हरत राहिला, तरी ती निष्ठा बदलण्याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. ज्या देशात ही बांधिलकी इतकी दृढ, त्याच देशात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात असा एक प्रेक्षकवर्ग उदयास आला, की जो आपल्या क्लबाशी इमान राखूनही सवड मिळेल तेव्हा दुसऱ्यांच्या गावी जातो, आणि ज्यांच्या जयापजयाशी त्याचे काही देणेघेणे नाही अशा दोन संघांचा सामना पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत आस्थेने पाहतो. या मंडळींना 'ग्राउंडहॉपर' म्हणतात. त्यांचा हा छंद निव्वळ भटकंतीचा आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण फुटबॉल हा नुसता खेळ नसून गावागावांनी शतकभर सांभाळलेली एक सामाजिक संस्था आहे, ही गोष्ट ज्याला समजून घ्यावयाची असेल त्याला या तटस्थ प्रवाशांच्या वाटेने जाण्यावाचून दुसरा चांगला मार्ग नाही, असे माझे मत आहे. ज्याचे सारे लक्ष आपल्या संघाच्या आघाडीकडे लागलेले असते त्याला मैदान दिसत नाही. ज्याला जिंकायचे नाही आणि हरायचेही नाही त्यालाच ते प्रथम दिसते.

असा प्रवास करता यावा म्हणून तीन गोष्टी आधी घडून याव्या लागल्या. पहिली म्हणजे फुरसत. १८५० सालच्या कारखान्यांच्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांना शनिवारी दुपारी दोन वाजल्यानंतर कामास लावण्याची मनाई झाली, आणि हळूहळू ती अर्धी सुट्टी इतर धंद्यांतही रूढ झाली; शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू करण्याचा जो शिरस्ता पडला तो याच सुट्टीच्या पोटी. दुसरी गोष्ट आगगाडी, जिच्यामुळे लँकेशरमधला गिरणकामगार संध्याकाळच्या जेवणापर्यंत परगावाहून घरी परतू शकला. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, म्हणजे ठरलेले वेळापत्रक. १८८८ पूर्वी सामने दोन क्लबांच्या आपसातील पत्रव्यवहाराने ठरत, आणि चषकाच्या सामन्यामुळे, पावसामुळे, नाहीतर दुसऱ्या अधिक फायदेशीर बोलावण्यामुळे ऐनवेळी रद्दही होत. पैसे मोजून आलेले लोक रिकाम्या हाताने परत जात. अ‍ॅस्टन व्हिला क्लबाचा कारभारी विल्यम मॅक्ग्रेगर हा बर्मिंगहॅममधला कापडदुकानदार होता, आणि गिऱ्हाईक एकदा फसले की पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही हे त्याला व्यवसायानेच ठाऊक असावे. त्याने इतर क्लबांना पत्रे लिहिली, आणि मध्य व उत्तर इंग्लंडमधील १२ क्लबांनी मिळून ठरावीक तारखांना परस्परांच्या मैदानांवर खेळण्याचा करार केला. हीच फुटबॉल लीग. या कराराने व्यावसायिक खेळाचा पाया घातला हे सर्वश्रुत आहे. परंतु अमुक शनिवारी अमुक गावी सामना होणारच, अशी हमी त्रयस्थ प्रवाशालाही याच कराराने दिली, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

लीग वाढत गेली. १९५० साली कोलचेस्टर, गिलिंगहॅम, स्कन्थॉर्प आणि श्रूझबरी हे चार क्लब दाखल करून घेतले गेले, तेव्हा सभासदांची संख्या ८८ वरून ९२ झाली, आणि १९९२ साली वरच्या श्रेणीने स्वतंत्र होऊन प्रीमियर लीगची स्थापना केली तरी बेरीज ९२च राहिली; आज ती वरची २० आणि खालच्या तीन श्रेणींतील प्रत्येकी २४ मिळून होते. याच संख्येने या छंदाला त्याचे उद्दिष्ट दिले. १९७८ साली 'नाइन्टी-टू क्लब' नावाची मंडळी स्थापन झाली. विद्यमान ९२ क्लबांच्या सर्व मैदानांवर सामना पाहिलेला असला पाहिजे, हीच तिच्या सभासदत्वाची अट. आपल्याकडे अष्टविनायकाची यात्रा पुरी करणाऱ्या भाविकाला जे समाधान लाभते त्याची कल्पना असलेल्या मराठी वाचकास या अटीमागची ओढ वेगळी समजावून सांगण्याची जरूर नाही. फरक इतकाच, की आपली आठ स्थाने अढळ आहेत, आणि ही ९२ स्थाने मात्र दरसाल बदलतात. १९८६ पर्यंत लीगच्या तळाशी राहिलेल्या क्लबांना इतर सभासदांच्या मतांवर पुन्हा निवडून यावे लागे, आणि जुने संबंध सांभाळून बहुतेकांना निवडून दिलेही जाई. १९८७ पासून मात्र तळाचा क्लब आपोआप बाहेर आणि खालच्या लीगचा विजेता आत, असा नियम अमलात आला, तेव्हा लिंकन सिटी बाहेर पडली आणि स्कारबरो आत आली. तेव्हापासून ज्याने यादी एकदा पुरी केली त्यालाही पुढच्या हंगामात एखाद्या अपरिचित गावाचे तिकीट काढावे लागते.

कधी कधी यादीतून नाव गळते ते अधिक दुःखद कारणाने. बरी हा लँकेशरचा १८८५ साली स्थापन झालेला क्लब, १९०० आणि १९०३ साली एफ.ए. चषक जिंकलेला, १९०३ च्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीवर सहा गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. हाच क्लब कर्जबाजारी होऊन, आपला जमाखर्च निभावण्याची ग्वाही देऊ न शकल्यामुळे, २०१९ साली लीगमधून बडतर्फ झाला, आणि त्या हंगामात ९२ ऐवजी ९१च क्लब राहिले. ज्या मैदानावर १८८५ पासून खेळ होत होता त्या गिग लेनची फाटके बंद झाली. पाठीराख्यांनी ते मैदान मिळवले, आपसातले मतभेद मिटवले, आणि २०२३ साली बरीचा संघ बऱ्याच खालच्या श्रेणीत का होईना, तेथे पुन्हा खेळू लागला. त्यानंतर बरीस जाऊन तिकीट काढणारा परका प्रेक्षक त्या गावाला किती मोलाचा वाटत असेल, याची कल्पना करता येते.

आता या मैदानांवर पाहण्याजोगे काय असते, याकडे वळू. इंग्लिश मैदाने ही बहुतांशी एका माणसाच्या हातची निर्मिती आहेत असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आर्चिबाल्ड लीच हा ग्लासगोचा अभियंता; १८६५ साली जन्मलेला, प्रथम कारखान्यांच्या इमारती बांधणारा. १९०२ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सामन्यात ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर त्याने आखलेला लाकडी सज्जा कोसळून २५ माणसे मृत्युमुखी पडली. एवढ्या आघाताने दुसरा कोणी त्या कामातून कायमचा निवृत्त झाला असता. लीचने मात्र उभ्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांची, त्यांतील अडसरांची आणि गर्दीच्या वाटांची रचना नव्याने अभ्यासली, आणि पुढली तीसएक वर्षे ब्रिटनमधील एकामागून एक क्लब त्याच्याच हाती आपली प्रेक्षागारे सोपवीत राहिला. लिव्हरपूलमध्ये गुडिसन पार्कच्या सज्ज्याच्या दर्शनी कठड्यावर पोलादी पट्ट्यांची जी फुल्याफुल्यांची जाळी आहे ती त्याची जणू सही होय. व्हिला पार्कवरचे त्याचे ट्रिनिटी रोड प्रेक्षागार १९२२ साली उघडले आणि २००० साली पाडले गेले. ज्यांनी ते पाहिले त्यांना त्याची हळहळ अजून वाटते. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी फुलम क्लबाचे क्रेव्हन कॉटेज मात्र उभे आहे. तेथील लीचचे १९०५ चे प्रेक्षागार रस्त्याच्या बाजूने पाहिले तर लाल विटांच्या नेटक्या इमारतीसारखे दिसते, आत लाकडी आसनांच्या रांगा आहेत, आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात, जेथे दुसरीकडे आसने बसवली असती तेथे, एक लहानसे घर आहे. खेळाडू याच घरातून मैदानावर उतरतात. तटस्थ प्रेक्षकाने पहिले मैदान कोणते पाहावे असे कोणी विचारले तर मी याचेच नाव घेईन. याच मैदानाच्या पटनीकडील टोकाला बरीच वर्षे कोणत्याही पक्षाच्या नसलेल्यांसाठी एक भाग मुद्दाम राखून ठेवलेला असे.

पण वास्तुशिल्प हा या प्रवासाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे मैदान आणि वस्ती यांचा संबंध. ल्यूटनच्या केनिलवर्थ रोड मैदानावर पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांचे प्रवेशद्वार ओक रोडवरच्या चाळवजा घरांच्या रांगेतच आहे. दोन घरांच्या दारांमध्ये फाटक, त्यातून आत शिरून जिना चढताना लोकांच्या परसदारातली वाळत घातलेले कपडे खाली दिसावेत, इतकी ही जवळीक. लंडनच्या पश्चिमेस ब्रेंटफर्ड क्लबाचे ग्रिफिन पार्क १९०४ पासून २०२० पर्यंत होते, आणि त्याच्या चारही कोपऱ्यांवर एकेक मद्यगृह असे. ग्रिम्स्बी टाउनचे मैदान ग्रिम्स्बीत नसून शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये, समुद्राच्या कडेला आहे. म्हणजे हा संघ आपले यजमानपदाचे सामनेही हद्दीबाहेरच खेळतो. श्रूझबरीचे जुने मैदान गे मेडो सेव्हर्न नदीला इतके लागून होते, की बाहेर उडालेला चेंडू नदीत पडे, आणि तो आणण्यासाठी टोपलीवजा होडी घेऊन एक माणूस काठावर तयार असे. नॉटिंगहॅममध्ये ट्रेंट नदीच्या एका तीरावर नॉट्स काउंटी, १८६२ सालचा, व्यावसायिक लीगमधील सर्वांत जुना क्लब, आणि जेमतेम ३०० यार्डांवर पैलतीरी नॉटिंगहॅम फॉरेस्ट, ज्याने १९७९ आणि १९८० साली युरोपियन चषक लागोपाठ जिंकला. इटलीतील बलाढ्य युव्हेंटस क्लबाचा काळा-पांढरा पोशाख १९०३ साली नॉट्स काउंटीवरूनच घेतला गेला. ही सारी माहिती पुस्तकांत वाचता येते, हे खरे. परंतु पुलावर उभे राहून दोन्ही मैदाने एका दृष्टिक्षेपात पाहणाऱ्याला, एवढ्याशा शहराने एवढे मोठे दोन संसार कसे चालवले असतील, हा प्रश्न जसा पडतो तसा तो वाचकाला पडत नाही.

या जुन्या मैदानांविषयी लिहिताना त्यांच्या दोषांवर पांघरूण घालणे अन्यायाचे होईल. ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेड मैदानावरील जुन्या लाकडी प्रेक्षागाराखाली साचलेल्या केरकचऱ्याने पेट घेतला, आणि काही मिनिटांत ५६ माणसे होरपळून मेली. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर, पोलिसांच्या ढिसाळ बंदोबस्तामुळे कुंपणाच्या आत झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांचे प्राण गेले. दोष मृतांवरच ढकलण्याचा जो प्रयत्न झाला तो खोटा ठरवण्यास त्यांच्या कुटुंबीयांना पंचवीसहून अधिक वर्षे झगडावे लागले. न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर उभे राहण्याचे भाग बंद होऊन सर्वत्र आसने आली. अनेक क्लब जुनी जागा सोडून नव्या मैदानांवर गेले: मिडल्सबरोने १९९५ साली एअरसम पार्क सोडले, १९९७ साली संडरलंडने रोकर पार्क आणि बोल्टनने बर्न्डन पार्क, २००६ साली आर्सेनलने हायबरी, २०१६ साली वेस्ट हॅमने अप्टन पार्क. सुरक्षितता ही वास्तुसौंदर्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे, याविषयी दुमत असू शकत नाही. तरीही नव्या मैदानांपैकी पुष्कळ इतकी एकसारखी झाली, की आसनांचा रंग सोडला तर आपण कोणत्या परगण्यात आहोत हे कळू नये, ही हानी तटस्थ प्रवाशालाच आधी जाणवली, कारण अनेक मैदाने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय त्यालाच होती. जानेवारी २०२२ पासून काही मैदानांवर, प्रत्येक रांगेत कठडा असलेल्या भागात, परवान्याने उभे राहण्याची मुभा पुन्हा मिळाली आहे.

परक्या प्रेक्षकाने बसावे कोठे, याचेही काही संकेत आहेत. प्रत्येक मोठ्या मैदानावर पाहुण्या पाठीराख्यांचा भाग पोलिसांच्या सल्ल्याने वेगळा केलेला असतो, आणि तेथील तिकिटे त्या क्लबाच्या लोकांनाच मिळतात. म्हणून तटस्थाला यजमानांमध्येच बसावे लागते. तेथे बसताना दुसऱ्या क्लबाचे रंग अंगावर नसावेत, पाहुण्यांनी गोल केला तर टाळी आवरावी, आणि शेजारचा वृद्ध गृहस्थ संघाच्या चाळीस वर्षांच्या दुर्दैवाची कहाणी सांगू लागला तर ती नीट ऐकावी. ही शेवटली गोष्ट मी संकेत म्हणून लिहिली असली तरी खरे पाहता ती या प्रवासाची प्राप्ती आहे. प्रीमियर लीगमधील मोठ्या क्लबांची तिकिटे मात्र आता आधी वर्गणी भरून सभासद झाल्याशिवाय सहसा हाती लागत नाहीत, आणि हा कारभार मला चुकीचा वाटतो. परगावच्या जिज्ञासूला दार बंद करणारी संस्था आपल्या गावाची ओळख करून देण्याचा हक्कच सोडून देते.

खालच्या श्रेणींत हे दार सताड उघडे आहे. व्यावसायिक लीगच्या खाली उतरंडीसारख्या रचलेल्या अनेक लीगा आहेत. त्यांतल्या लहान क्लबांत फिरत्या फाटकाशी रोख पैसे द्यावेत, हवे तेथे कठड्याला टेकून उभे राहावे, आणि मध्यंतरात बाजू बदलल्या की पाठीराख्यांबरोबर आपणही मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जावे, अशी सरळ पद्धत असते. शेफिल्डच्या डोंगराळ कडेला हॅलम क्लबाचे सँडीगेट रोड मैदान आहे. १८०४ साली क्रिकेटसाठी सुरू झालेले आणि १८६० पासून फुटबॉल पाहत आलेले हे जगातील सर्वांत जुने फुटबॉल मैदान मानले जाते. ते स्पष्ट दिसेल इतके उतारावर आहे. अशा ठिकाणी दोन-तीनशे प्रेक्षकांत पंधरा-वीस परके आले तर चहा, खाद्यपदार्थ आणि सामन्याची पुस्तिका यांच्या विक्रीत लगेच फरक पडतो. काही लहान लीगांनी हे ओळखून एकाच दिवशी जवळजवळच्या मैदानांवर सामन्यांच्या वेळा मागेपुढे ठेवण्याची तजवीज केली, जेणेकरून प्रवाशांना एकामागून एक अनेक सामने पाहता यावेत. २०१० पासून 'नॉन-लीग डे' नावाचा एक दिवस पाळला जातो. राष्ट्रीय संघांच्या सामन्यांमुळे वरच्या श्रेणींना सुट्टी असते अशा शनिवारी मोठ्या क्लबांच्या पाठीराख्यांनी आपल्या घराजवळच्या छोट्या क्लबाच्या मैदानावर जावे, असे आवाहन त्या दिवशी केले जाते. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये कोणताही सामना दूरचित्रवाणीवर थेट दाखवावयाचा नाही, हा १९६० च्या दशकापासूनचा नियमही याच छोट्या फाटकांच्या रक्षणासाठी आहे, आणि तो टिकावा असे मला मनापासून वाटते.

जर्मनीत हा छंद इंग्लंडपेक्षाही जोमाने वाढला आहे. तेथे तिकिटे स्वस्त, उभे राहण्याचे भाग शाबूत, आणि पुष्कळ ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच शहरातील बस व आगगाडीचा प्रवास मोफत असल्याने परक्यांची चांगली सोय होते. डॉर्टमुंडच्या दक्षिणेकडील एकाच सज्ज्यावर सुमारे २५,००० माणसे उभी राहतात. बर्लिनमधील युनियन क्लबाचे मैदान मोडकळीस आले होते, तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांवर पाठीराख्यांनी विनामोबदला श्रम करून ते बांधून काढले. याउलट अर्जेंटिनात हिंसाचाराला आळा घालण्यासाठी २०१३ पासून पाहुण्या पाठीराख्यांनाच बंदी झाली, आणि मैदानाची एक बाजू मुकी झाली.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच अपरिचित होता असे नाही. १८९१ साली मुंबईत सुरू झालेल्या रोव्हर्स चषकासाठी देशभरातले संघ येत, आणि कूपरेजच्या मैदानाभोवती जमलेला मुंबईकर, ज्याचा स्वतःचा संघ बहुधा आधीच बाहेर पडलेला असे, कलकत्त्याचा किंवा हैदराबादचा खेळ पाहण्यासाठी तिकीट काढी. लष्करी पलटणींची मक्तेदारी मोडून १९३७ साली बंगलोर मुस्लिम्सने हा चषक जिंकला, १९४० साली कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने. आणि १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे तो सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या हैदराबाद पोलिसांनी नेला. परक्या संघाची पाच वर्षांची ही सत्ता मुंबईच्या प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिली, आणि भारतीय फुटबॉल कोणत्या दिशेने जात आहे हे त्याला आपला क्लब जिंकला असता तर कळले नसते इतके स्पष्ट कळले. ही स्पर्धा बंद पडल्यानंतर ती संधीही गेली.

एखादे मैदान 'पाहिले' असे केव्हा म्हणावे, याविषयी ग्राउंडहॉपरांत फार बारकाईने वाद चालतात. पूर्ण ९० मिनिटे पाहिलीच पाहिजेत, यावर बहुतेकांचे एकमत आहे. धुक्याने सामना अर्ध्यावर थांबला तर नोंद करावी की नाही, गोलशून्य बरोबरी धरावी की नाही, पुस्तिका छापलीच नसेल तर काय, यांवर नाही. २०१८ साली लीगच्या क्लबांनी पुस्तिका छापण्याची सक्ती उठवली, तेव्हा शेवटचा प्रश्न अधिकच गहन झाला. सध्या सर्वांत मोठा पेच गुडिसन पार्कचा आहे. भाड्याच्या तंट्यावरून अ‍ॅनफिल्ड सोडून एव्हर्टन क्लबाने १८९२ साली हे मैदान उघडले, आणि २०२५ मध्ये त्याचा पुरुषांचा संघ मर्सी नदीच्या धक्क्यावरील नव्या मैदानावर गेला. ज्यांची ९२ ची यादी पुरी होती त्यांना आता नदीकाठचे तिकीट काढणे भाग आहे. पण गुडिसन पाडले गेले नाही, तेथे एव्हर्टनचा महिलांचा संघ खेळतो, आणि ज्याने लीचची ती फुल्याफुल्यांची जाळी अजून पाहिली नसेल त्याला त्या सामन्याचे तिकीट काढून ती आजही पाहता येते.